घोडा का अडला?

घोड्याचं पोट कधी गप्प बसत नाही. भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, स्टेथोस्कोप ठेवला की आत अखंड काहीतरी चाललेलं ऐकू येतं. गुडगुड, खळखळ, लांबवर ढग गडगडावेत तसा आवाज. उजव्या बाजूला तर थोड्या थोड्या वेळाने एक लांबलचक घरंगळ येते, पन्हाळीतून बादलीभर पाणी सोडून द्यावं तशी. निरोगी घोड्याजवळ शांतपणे उभं राहिलं तर यातलं बरंचसं नुसत्या कानालाही कळतं.

गेल्या मे महिन्यात एका रात्री बाराच्या सुमारास, माथेरानच्या दस्तुरीजवळ एका तबेल्यात मी राणीच्या भकाळीला कान लावून उभी होते आणि आत काहीच वाजत नव्हतं.

राणीच्या मालकांचा, घोडेवाल्या मामांचा, फोन साडेदहाला आला होता. "डॉक्टरीणबाई, राणी सारखी पोटाकडे बघते. दुपारपासून लीद नाही." एवढी दोन वाक्यं मला पुरेशी होती. मी कर्जतला राहते. नेरळवरून घाट चढून दस्तुरीला आले आणि गाडी तिथेच ठेवली. पुढे माथेरानात मोटार जात नाही, म्हणून तर तिथे अजून घोडे आहेत. बॅग खांद्याला लावून टॉर्चच्या उजेडात तांबड्या मातीतून चालत गेले.

राणी कुमेत घोडी. अंग तांबूस, आयाळ, शेपूट आणि पाय काळे. मामा सांगतात अकरा वर्षांची, आणि दातही तेच सांगतात. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीलगत एक बारीक पन्हळ दहाव्या वर्षाच्या सुमाराला डोकावू लागते, ती तिच्या दातावर नुकती दिसू लागली होती. त्या रात्री ती पुढच्या उजव्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून पोटाकडे बघत होती, मध्येच वरचा ओठ उचलत होती. छातीवर घामाचे ओले डाग. गाय दुखलं तर हंबरते, कुत्रं विव्हळतं. घोडा पोट फुटेपर्यंत दुखलं तरी बहुतेक वेळा तोंडातून आवाज काढत नाही. जे सांगायचं ते सगळं अंगाने सांगतो.

जबड्याखाली जिथे धमनी हाडावरून जाते तिथे बोट ठेवलं. ठोके ५६. विश्रांतीत असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४० असतात, म्हणजे दुखणं खरं होतं. हिरड्या मात्र गुलाबी आणि ओल्या. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत येत होता. ठोके ८० च्या वर आणि हिरड्या जांभळट असत्या, तर बहुधा शस्त्रक्रियेशिवाय उपाय नव्हता, आणि त्या डोंगरमाथ्यावर, त्या वेळी, शस्त्रक्रिया कुठली करणार? खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि गुदद्वारातून हात आत घातला. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या तोंडाशी, मोठं आतडं मागे येऊन एकदम उलट वळतं आणि वळताना अरुंद होतं. तिथे मळलेल्या कणकेसारखा गोळा हाताला लागला. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. घोडं पेंड कुठे खातंय ते कळलं.

मराठी घरात लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं कोडं आहे. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हीला उत्तर एकच, फिरवला नाही म्हणून. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, १८८६ साली सुरू झालेल्या त्या जुन्या संस्थेत, मी घोड्याच्या शरीराचे धडे घेतले, हाडांची नावं पाठ केली, २०५ हाडं एकेक हातात घेतली. पण त्या शरीराचं मर्म मला त्या कोड्यातच सापडलं असं आज मी मनापासून म्हणते. घोड्याचा प्रत्येक अवयव एकाच बोलीवर घडला आहे. दिवसभर चालायचं, चालता चालता थोडं थोडं गवत खायचं, आणि संकट दिसलं की पळायचं. ही बोली मोडली की बिघाड सुरू.

पोटाचंच बघा. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर आठ ते पंधरा लिटरचं, म्हणजे त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, त्यामुळे मोठ्या जठराची त्याला गरजच पडली नाही. पित्ताशय नाही, कारण जेवणाची ठरलेली वेळ नाही. पित्त साठवायचं कशासाठी? ते सारखं थेंब थेंब झरत राहतं. जठरातलं आम्लही चोवीस तास सुटतं, पण त्याला शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. दिवसभर चरणारा घोडा ३५-४० लिटर लाळ गिळतो. ज्याला दोन वेळा चंदी घालून मधल्या वेळी रिकाम्या तोंडाने बांधून ठेवलं, त्याच्या जठराला व्रण पडू शकतात.

खरा कारखाना मागे आहे. मीटरभर लांबीचं, तीसेक लिटर मावेल असं आंधळं आतडं, आणि त्याला लागून दुहेरी घडी घालून कोंबलेलं मोठं आतडं. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. गायीने ही आंबवणी पुढे ठेवली, चार कप्प्यांच्या पोटात. ती खाऊन घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला बसायला सवड नाही, त्याने ती मागे नेली. ही आतड्याची लांब घडी पोटाच्या भिंतीला फारशी बांधलेलीही नाही. ती सरकू शकते, पिळवटू शकते. आणि पाणी कमी पडलं की नेमकी त्या अरुंद वळणावर तुंबते.

मे महिन्याची सुट्टी होती. राणी सकाळी सातपासून दस्तुरी ते बाजार, बाजार ते पॉइंट, पुन्हा दस्तुरी अशा फेऱ्या मारत होती. तोबऱ्यात भरडा, रात्री कोरडा पेंढा. "पाणी दाखवलं होतं," मामा म्हणाले, "प्यायली नाही." मी काही बोलले नाही. वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत गोळा करायची असते, हे मला माहीत आहे. आणि दमलेला, घामाने भिजलेला घोडा कधी कधी खरंच पाण्याला तोंड लावत नाही.

मग मी नळी काढली. घोड्याच्या उपचारात नाकातून जठरापर्यंत जाणारी ही नळी मला औषधाहून मोठी वाटते, आणि त्यामागे एक जुनी जखम आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वरातीच्या घोड्याला बघायला गेले होते. लग्नात उरलेला गोडधोड भात आणि पुऱ्या मालकाने मायेने त्याला चारल्या होत्या. घोडा लोळत होता. मी दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, तो शांत झाला आणि मी समाधानाने घरी गेले. नळी घातली नाही. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट आणि ती जोडणी इतकी तिरकी असते, की आत गेलेलं पुन्हा वर येत नाही. आत आंबत गेलेलं अन्न, वाढत गेलेला वायू, मागे फिरलेलं पाणी, कशालाच वाट नव्हती. पहाटे जठर फुटलं. मालक सांगत होता, शेवटी एकदम शांत झाला, आम्हाला वाटलं बरं वाटतंय. ती शांतता पोट फुटल्यावरची असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. एकोणीस वर्षं झाली. तो पांढरा घोडा, कपाळावर लाल झालर, अजून डोळ्यांपुढे येतो.

नळी नाकपुडीच्या तळातून सरकवली. राणीने गिळलं. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून नळी पुढे जाताना दिसली, तेव्हा माझा श्वास मोकळा झाला, कारण चुकून ती श्वासनलिकेत गेली तर औषध फुफ्फुसात जातं. थोडा आंबूस वायू बाहेर आला, पाणी उलटं आलं नाही. जठर सुरक्षित होतं. मीठ घातलेलं पाच-सहा लिटर कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन आत सोडलं, दुखण्यावर इंजेक्शन दिलं, सलाइनच्या बाटल्या आढ्याच्या वाशाला टांगल्या. सलाइन संपल्यावर मामा म्हणाले, "फिरवू?" मी म्हटलं, "फिरवू."

दहा मिनिटं चालायचं, अर्धा तास थांबायचं. मामांच्या हातात मोहरकी, मी बाजूने. रात्रीच्या शांततेत जांभ्यावर पडणारी तिची टाप ऐकत होते. चार ठोके, सारख्या अंतराचे. त्या टापेखाली काय आहे ते ठाऊक असलं की घोड्याला चालताना बघणं सोपं राहत नाही.

आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. मागच्या पायाचा जो कोन मागे वळलेला दिसतो ती टाच. त्याखाली सगळं लांबलेलं तळहात-तळपायाचं हाड, आणि त्याच्याखाली एकच बोट. घोडा आपल्या मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. त्याच्या पूर्वजांना पायाला अनेक बोटं होती. कोट्यवधी वर्षांत बाकीची झिजली. मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना हात फिरवला तर पेन्सिलीएवढी दोन बारीक हाडं हाताला लागतात, ती त्या गेलेल्या बोटांची आठवण. मनगटाखाली आणि टाचेखाली स्नायूच नाहीत, म्हणावे असे. फक्त कंडरा, ताणलेल्या दोरांसारख्या. मांस वर, अंगाशी ठेवलं, म्हणजे पाय हलका राहतो आणि झपकन फिरतो. पाय टेकला की कंडरा ताणली जाते, उचलला की स्प्रिंगसारखी परत येते. पण स्नायूंची गादी नाही म्हणजे रक्तही कमी, आणि कंडरा एकदा फाटली की जोडायला वर्ष जातं.

घोड्याला गळ्याचं हाडही नाही. पुढचे दोन पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नाहीत. खांद्याच्या पात्यांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. शरीराचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर, आणि ते असं झोळीत तोललेलं.

दर थांब्याला मामा खाली वाकून हाताची पाठ राणीच्या पुढच्या खुरांवर ठेवत होते. आधी उजव्या, मग डाव्या. मी त्यांना हे शिकवलेलं नाही, त्यांच्या वडिलांनी शिकवलं. ते म्हातारबाबा मला सालोत्रीण म्हणायचे. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणायची जुनी पद्धत, माझ्या पदवीपेक्षा मला ते नाव जास्त आवडायचं. पोट बिघडलं की खूर तापतात, एवढं त्यांना माहीत होतं. आणि पुष्कळदा तसं होतंही. खुराच्या भिंतीच्या आतून पाचशे-सहाशे उभे पापुद्रे निघालेले असतात आणि प्रत्येकाला पुन्हा शंभरावर बारीक पापुद्रे. बोटाच्या हाडावरचे तसेच पापुद्रे त्यांत गुंतलेले. या गुंतवणुकीवर सगळं हाड, पर्यायाने सगळा घोडा, नखाच्या आत लटकलेला असतो. पोटात आंबण बिघडून विष रक्तात उतरलं की हे पापुद्रे सुजतात, सुटू लागतात, आणि घोड्याच्या वजनाने हाड खुरातच खाली कलतं. पोटाचं दुखणं नखात येतं. देहाची रचना इतकी एकमेकांत विणलेली, की एक धागा ओढला तर दुसऱ्या टोकाला वीण उसवते.

"गार आहेत," मामा म्हणाले.

इथल्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालायला सुरुवात झाली तेव्हा घोडेवाले चिडले, त्याचं कारण हेच नख. मातीत खूर थोडा रुततो, धक्का मातीत जिरतो. खुराच्या तळाला मागच्या बाजूला रबरासारखा मऊ त्रिकोण असतो, तो जमिनीला टेकला की दबतो आणि पायातलं रक्त वर ढकलायला मदत करतो. घोड्याच्या हृदयाला पायांची अशी साथ असते, आणि ती चालण्यातूनच मिळते. पावसात गुळगुळीत ब्लॉकवर लोखंडी नाल टेकली की ती घसरते. तीनशे-साडेतीनशे किलोचं ते जनावर, वर कुणाचं तरी मूल बसलेलं.

दोनच्या सुमारास राणीने पुन्हा पोटाकडे बघितलं. ठोके ५२. आम्ही बसलो. शिकत असताना मी जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराची चित्रं पाहिली होती. लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात जवळजवळ दीड वर्षं मेलेले घोडे टांगून, थरामागून थर सोलत त्याने ती काढली आणि १७६६ साली छापली. हाडं, स्नायू, शिरा, मज्जातंतू, सगळं इतकं अचूक की आजही बघत राहावं. त्या चित्रांत पोटातले अवयव नाहीत. कदाचित म्हणूनच त्यातले घोडे मला इतके निश्चिंत वाटतात.

हृदयाचं कौतुक मात्र त्या काळापासून चालत आलंय. एक्लिप्स नावाचा शर्यतीचा घोडा आयुष्यात कधी हरला नाही. १७८९ साली तो मेला, तेव्हा त्याचं शवविच्छेदन झालं आणि हृदय सहा किलोंच्या वर भरलं अशी नोंद झाली. दोनच वर्षांनी लंडनला पशुवैद्यकाचं महाविद्यालय उभं राहिलं, त्यात विच्छेदन करणाऱ्या त्याच फ्रेंच वैद्याचा, सेंबेलचा, मोठा हात होता. साधारण घोड्याचं हृदय चार किलोंच्या आसपास असतं. विश्रांतीत तीस-पस्तीस ठोके, भरधाव धावताना दोनशेच्या वर. शिवाय प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो. घोडा घाबरला किंवा उधळला की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात ओतते. श्वास फक्त नाकाने, तोंडाने त्याला घेताच येत नाही. आणि चौखूर धावताना एका झेपेला एक श्वास. पुढचे पाय पसरले की आत, टेकले की बाहेर. थकलेल्या घोड्याच्या नाकपुड्या फुललेल्या दिसतात, त्यामागे एवढं सगळं असतं.

संपलेली सलाइनची बाटली मामांनी काढली आणि विचारलं, "घोड्याचं रक्त माणसाला चालतं म्हणे?" त्यांच्या धाकट्या भावाला काही वर्षांपूर्वी रानात फुरसं चावलं होतं, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, रक्त नाही, पण त्यातलं सत्त्व. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात विषाला बांधून टाकणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. रक्त काढतात, त्यातला पाणेरी भाग वेगळा करतात, तांबड्या पेशी पुन्हा घोड्याच्या अंगात सोडता येतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम फार वर्षं केलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि राणीच्या मानेवर खरारा करू लागले. खराऱ्याची ती वेळ नव्हती. मी त्यांना थांबवलं नाही.

साडेतीनला राणी थांबली आणि तिने मागचा डावा पाय सैल सोडला, खुराचं टोक जमिनीला टेकवून. मला हायसं वाटलं. पोट दुखणारा घोडा सहसा असा पाय सोडत नाही. दुसऱ्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी तिने हाडावर अडकवली होती, आपण दाराला कडी घालतो तशी. ही कडी घातली की घोडा जवळजवळ श्रम न करता उभा राहतो, उभ्या उभ्या डुलकी घेतो. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, पण रोज थोडा वेळ, आणि तेही आजूबाजूला भरवशाचं कुणी जागं असेल तर. डोळा अर्धा मिटलेला. जमिनीवरच्या प्राण्यांत इतके मोठे डोळे क्वचितच कुणाचे असतील. जवळजवळ सगळं वर्तुळ त्यांना एकाच वेळी दिसतं, फक्त कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं थोडंसं सोडून. म्हणून मी तिच्याकडे नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जाते. सारंगखेड्याच्या बाजारात, तापीकाठी, लोक देवमण नावाचा शुभ भोवरा आहे का, घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, आहे का हे बघून लाखांचे सौदे करतात. त्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण मला कुणी बरोबर नेलं तर मी आधी खूर उचलून बघते आणि मग पोटाला कान लावते.

चारच्या पुढे मी पुन्हा कान लावला. डाव्या भकाळीत, खूप आत, एक बुडबुडा फुटला. मी मामांना हाताने थांबायची खूण केली. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, आणि त्याच्या मागोमाग एक बारीक, ओढलेली खळखळ. मी स्टेथोस्कोप काढून मामांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटले.

उजाडताना रानात कोतवाल पक्षी बोलायला लागला तेव्हा तिने शेपूट उचलली. आधी वायू, मग चार-पाच गोळे, सुके, तेलाने चकाकणारे. मामांनी एक गोळा उचलला, दोन्ही अंगठ्यांनी फोडला, आतला पेंढा बघितला, वास घेतला. "न्हालं एकदाचं गंगेत," एवढंच म्हणाले, आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

पुढचे तीन दिवस खोगीर नाही, पेंढा नाही, हिरवं गवत आणि ओला कोंडा, असं मी सांगितलं. सुट्टीचा ऐन हंगाम होता, पण त्यांनी मान हलवली. मग कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून बादली पुढे ठेवली. राणीने आधी नुसते ओठ बुडवले, नाकाने पाणी हुंगलं. मग प्यायला लागली. घोडा पाणी पितो तेव्हा प्रत्येक घोटाला त्याचे कान पुढे-मागे हलतात, म्हणजे घोट मोजता येतात. मामा हळू आवाजात मोजत होते. विसाव्या घोटानंतर त्यांनी मोजणं सोडलं. ती पीतच होती.